घरात पुराचं पाणी शिरलं तर: नागपुरात सरकारी मदत मिळवून घर दुरुस्त कसं करायचं

नागपुरात बदली होऊन आलेला माणूस घर बघायला गेला की आधी विचारतो, कूलर कुठे बसेल आणि नळाला पाणी किती वेळ येतं. पावसाचं पाणी कुठवर येतं हे बहुतेक कोणी विचारत नाही. या शहराचं नाव उन्हासाठी झालेलं, त्यामुळे पुराचा विचार डोक्यातच येत नाही. पण ६ जुलै २०१८ ला विधानभवनाच्या वीजखोलीत पाणी शिरून पावसाळी अधिवेशनाचं कामकाज थांबलं होतं. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, महालक्ष्म्यांच्या जेवणावळी आटोपून लोक झोपलेले असताना, अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा चांगल्या वस्त्यांतून घरात घुसली. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात एसटीच्या गाड्या बुडाल्या. पूर म्हणजे झोपडपट्टीचा प्रश्न, हा समज त्या दिवशी गेला.

हा लेख नव्याने नागपुरात राहायला आलेल्यांसाठी आहे, पण जुन्या नागपूरकरांनाही कामी यावा. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. पुरानंतर सरकार मिस्त्री पाठवून तुमचं घर दुरुस्त करून देत नाही. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, ते तिकडचं; नागपुरात तसं काही नाही. इथे मिळते ती आपत्तीग्रस्तांची रोख मदत. ती बँक खात्यात जमा होते आणि दुरुस्ती आपली आपण करायची असते. ही रक्कम नुकसानभरपाई नव्हे, हातभार आहे. आणि ती किती मिळेल, मिळेल की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे एका कागदावर ठरतं. त्याचं नाव पंचनामा. त्यामुळे या लेखातला सगळ्यात मोठा भाग त्यावरच आहे.

घर घेताना किंवा भाड्याने बघताना

शहरातून तीन नद्या वाहतात. नाग नदी अंबाझरीकडून सीताबर्डी, महाल ओलांडून पूर्वेला जाते, पिली गोरेवाड्याकडून उत्तर नागपुरातून, आणि पोहरा दक्षिणेकडून. शिवाय असंख्य नाले, त्यातले कितीतरी आता स्लॅबखाली गडप झालेले. घर यांपैकी कशाच्या जवळ आहे ते बघा. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखतं: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर करता येतं. तुमचा भूखंड कुठे येतो हे मनपाच्या किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या नगररचना विभागात विचारता येतं.

त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजारच्या घरी जाऊन विचारणं: "काकू, २०२३ ला पाणी कुठवर आलं होतं?" घरमालक आणि दलाल याचं उत्तर जेवढं गोलमोल देतील, तेवढंच नेमकं काकू बोट दाखवून सांगतील.

पाणी ओसरल्यावर, झाडू हातात घेण्याआधी

मेन स्विच बंद आहे ना ते आधी बघा. मीटरपर्यंत पाणी पोचलं असेल तर स्वतः हात न लावता महावितरणला कळवा.

मग फोटो. चिखल काढण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि ती समजण्यासारखी आहे, पण भिंतीवरची पाण्याची रेघ हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. ती पुसण्याआधी भिंतीला टेप लावून, आकडा दिसेल असा फोटो घ्या. दरवाजावरचा घर क्रमांक किंवा नावाची पाटी दिसेल असा एक फोटो बाहेरून. त्यानंतर प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, वरचं छत, खचलेली फरशी. लोक फ्रीज, सोफा, गाद्या यांचे पन्नास फोटो काढतात आणि भिंतीचा एकही काढत नाहीत. फ्रीजसाठी स्वतंत्र मदत नाही, भिंतीसाठी आहे. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आणि ठिकाण उमटवणारा कॅमेरा असेल तर उत्तमच.

तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. नागपूरच्या बऱ्याच भागात जमीन काळ्या मातीची आहे. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून काही तडे पाणी गेल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. महाल-इतवारीतल्या जुन्या माती-विटांच्या भिंती तर पुरात उभ्या राहून पुढच्या उन्हात ढासळतात. तारीख लिहिलेली असेल तर नंतर सांगता येतं की हे पुरामुळेच झालं.

कळवायचं कोणाला

जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा अग्निशमनाचा १०१. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. हे फोन बचावासाठी आहेत. फोन केला म्हणजे मदतीचा अर्ज झाला असं समजू नका.

मदतीचं काम महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदारांकडे असतं. शहरात मनपाचे कर्मचारी आणि महसूलचे कर्मचारी मिळून पथकं करतात आणि घरोघरी फिरतात. ग्रामीण भागात पटवारी येतो. सरकारने आता त्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण विदर्भात आजही कोणी तसं म्हणत नाही, तुम्हीही पटवारीच विचारा. मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. मालमत्ता कराच्या पावतीवर तुमचा झोन लिहिलेला असतो. शहराच्या कडेला, बेसा-पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा या बाजूला राहत असाल तर मनपाची हद्द आणि तहसीलची हद्द एकच असेल असं गृहीत धरू नका. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण ही दोन वेगळी तहसील कार्यालयं आहेत. चुकीच्या दारात अर्ज पडला तर तो दुसऱ्या दारात पोचेपर्यंत यादी निघून गेलेली असते.

पथक येईल म्हणून वाट बघत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, स्टॅम्प पेपर लागत नाही. एक प्रत झोन कार्यालयात, एक तहसीलमध्ये, आणि दोन्हीकडून आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. मजकूर असा सरळ असावा:

"मी वरील पत्त्यावर कुटुंबातील पाच सदस्यांसह राहतो. दि. … रोजी पहाटे नाग नदीचे पाणी घरात साडेतीन फूट शिरले. स्वयंपाकघराची मागील भिंत पडली असून हॉलच्या भिंतीस खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तडा गेला आहे. दोन खोल्यांची फरशी खचली आहे. कपडे, भांडी व धान्य वाहून गेले अथवा निकामी झाले. तरी स्थळ पाहणी करून पंचनामा करण्यात यावा, ही विनंती."

यात "अतोनात नुकसान", "होत्याचे नव्हते झाले" अशी वाक्यं घालू नका. वाचणाऱ्याला भिंत, फूट आणि खोली हवी असते.

पंचनामा: इथे उभं राहा

पथक आलं की घरातलं कोणीतरी, शक्यतो ज्याच्या नावावर घर आहे ते, हजर पाहिजे. कुलूप दिसलं तर पथक पुढच्या घरी जातं. शेकडो घरं करायची असतात, एका घराला पाच-दहा मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत काय लिहिलं जातं त्यावर सगळं अवलंबून आहे.

नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट अशी. मदतीच्या नियमांत "घरात पाणी शिरले" आणि "घराची पडझड झाली" ही दोन वेगवेगळी कलमं आहेत. पहिल्यात कपडे आणि भांडी-सामानासाठी अनुदान मिळतं. दुसऱ्यात घर दुरुस्तीसाठी. पाणी शिरलेल्या घरात पथक बहुतेक वेळा पहिलंच लिहून मोकळं होतं, कारण ओल्या गाद्या समोर दिसत असतात आणि मागची भिंत दिसत नाही. तुम्ही पथकाला हाताला धरून मागे न्या. "साहेब, हा तडा बघा, ही फरशी दाबून बघा." पडझड झालेली असेल तर पंचनाम्यात ती स्वतंत्रपणे नोंदवायला सांगा.

पडझडीत पुन्हा घराचा प्रकार येतो: पक्कं, कच्चं की झोपडी. आणि नुकसानीचं प्रमाण: पूर्णतः की अंशतः. अंशतः नुकसान किमान १५ टक्के असल्याशिवाय घर दुरुस्तीची मदत बसत नाही. हा टक्का पथकातला किंवा नंतर येणारा कनिष्ठ अभियंता ठरवतो. त्याच्यासाठी कागदाच्या एका बाजूवर घराचा हाताने काढलेला नकाशा ठेवा: खोल्या किती, त्यातल्या कोणत्या भिंती पडल्या किंवा फाटल्या, किती फूट फरशी खचली, छताचे किती टिन किंवा कवेलू (कौलं) गेले. कवेलूचं छत, विटांच्या भिंती आणि मातीचा जोड, अशा मिश्र घरांत पक्कं की कच्चं यावरून घोळ होतो. नोंद होण्याआधीच बोलून घ्या. नंतर खोडाखोड कोणी करत नाही.

सही करण्याआधी पूर्ण वाचा. कोरी जागा सोडलेल्या पंचनाम्यावर सही करू नका, मग पथक कितीही घाईत असो. नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना, वडिलांचं नाव, बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल. एका अंकाच्या चुकीने पैसे परत जातात. दोन पंचांच्या सह्या असतात. पंच शेजारचेच असू शकतात. शेवटी पूर्ण पंचनाम्याचा मोबाइलवर फोटो घ्या. कोणी नाही म्हणालं तरी नम्रपणे आग्रह धरा.

एकाच घरात दोन भावांचे संसार वेगळे असतील, चुली आणि रेशनकार्ड वेगळी असतील, तर कपडे-भांड्यांची मदत प्रति कुटुंब असते. पंचनाम्यात दोन्ही कुटुंबांची नोंद हवी. घराची मदत मात्र घराला एकदाच.

पंचनामा झाल्यावर भिंत पडली किंवा तडा वाढला तर नव्या फोटोसह पुन्हा अर्ज देऊन पुरवणी पंचनामा मागा. पेन्सिलच्या खुणा इथे कामी येतात.

किती मिळतं

पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. महाराष्ट्रासाठी त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी दर ठरवले आणि राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ते लागू केले. त्या दरांप्रमाणे सपाट भागातलं घर पूर्ण पडलं असेल, पक्कं असो की कच्चं, तर १,२०,००० रुपये. नागपूर सपाट भागात येतं. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी प्रति कुटुंब २,५०० आणि भांडी-सामानासाठी आणखी २,५००.

पूर्ण आणि अंशतः यांच्यातली दरी बघा. पक्क्या घराच्या तीन भिंती उभ्या आणि एक पडलेली असेल तर ६,५००. राहण्याजोगं उरलंच नाही असं अभियंत्याने लिहिलं तर १,२०,०००. अधलीमधली पायरी नाही. हा नियम मला बरोबर वाटत नाही, पण तो तसा आहे. म्हणून घर खरोखरच धोकादायक झालं असेल तर उरलेल्या भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, आहेत का हे अभियंत्याला समक्ष बघायला लावा, आणि शक्य असेल तर नोंदणीकृत स्थापत्य अभियंत्याचा लेखी अहवाल जोडा. खोटं मात्र लिहून घेऊ नका. फेरतपासणीत पकडलं गेलं तर मिळालेलंही परत करावं लागतं.

कपडे-भांड्यांच्या मदतीत केंद्राच्या नियमात एक अट आहे: घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असलं पाहिजे. नागपूरचा पूर तसा नसतो. धो-धो येतो, चार-सहा तासांत निघून जातो, आणि जाताना घर रिकामं करून जातो. ही अट शब्दशः लावली तर अंबाझरी लेआउटमध्ये कोणालाच काही मिळालं नसतं. २०२३ ला राज्य सरकारने बाधित कुटुंबाला १०,००० रुपये, दुकानाला ५०,००० पर्यंत आणि टपरीला १०,००० पर्यंत मदत जाहीर केली. म्हणजे मोठ्या आपत्तीनंतर राज्य आपल्या तिजोरीतून दर वाढवू शकतं, अटी शिथिल करू शकतं. त्यामुळे वर दिलेले दर पाठ करून ठेवू नका. त्या घटनेनंतर निघालेला ताजा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शोधा, विभाग महसूल व वन. वर्तमानपत्रातली घोषणा आणि शासन निर्णय यांत कधी कधी फरक असतो, आणि तहसीलमध्ये चालतो तो शासन निर्णय.

घर पूर्ण गेलेलं आणि दुसरं पक्कं घर कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही नाही, अशांनी प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी घटकात स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठीचं अनुदान तपासावं; महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख होतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास, आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आवास. या घरकुल योजना आहेत, पुरासाठी नाहीत. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात आणि वेळ लागतो.

कागद, आणि "अधिकृत" या शब्दाची भानगड

आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, रेशनकार्ड, वीजबिल, मालमत्ता कराची पावती. हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते मालकीवर. केंद्राच्या निकषांत लिहिलंय की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. आता नागपुरात अधिकृत म्हणजे काय हे ज्याला एका वाक्यात सांगता येईल त्याला माझा नमस्कार.

जुन्या वस्त्यांत नगर भूमापनाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागेवर असाल तर भाडेपट्टा आणि त्याचं नूतनीकरण. फ्लॅट किंवा भूखंड विकत घेतला असेल तर रजिस्ट्री, पण रजिस्ट्री म्हणजे बांधकाम मंजूर असं नव्हे. शहरभर पसरलेल्या गुंठेवारी (मंजुरी न घेता छोटे भूखंड पाडलेल्या) लेआउटमध्ये लोक प्रन्यासच्या नियमितीकरणाच्या पत्राला, म्हणजे 'आरएल'ला, सोन्यासारखं जपतात ते यासाठीच. डिमांड (नियमितीकरणासाठी मागितलेली रक्कम) भरलेली पण आरएल हाती आलेलं नाही, अशी कितीतरी घरं आहेत. त्यांनी डिमांड नोट आणि भरल्याची पावती जोडावी. झोपडपट्टीत पट्टा मिळाला असेल तर पट्टा. नसेल तर कराची पावती, वीजबिल आणि मतदार यादीतलं नाव. ग्रामपंचायतीच्या हद्दीत नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा.

यांतलं काहीच पुरेसं नसेल तरी अर्ज कराच. एक म्हणजे कपडे-भांड्यांची मदत कुटुंबाला असते, घराच्या मालकीवर नाही. आणि दुसरं, नाकारलं तर कारण लेखी मागता येतं. तोंडी "तुमचं बसत नाही" याला काही अर्थ नाही.

मालक वारले आहेत आणि घर अजून त्यांच्याच नावावर, ही नागपुरातल्या जुन्या घरांची ठरलेली कथा. मृत्यू प्रमाणपत्र, वारसांची नावं आणि प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या खात्यात मदत जमा करण्यास इतरांची हरकत नाही असं सह्यांचं पत्र तयार ठेवा. बहिणींची सही राहते आणि नेमकी तिथेच फाइल अडते.

भाडेकरूंनी भाडेकरार आणि त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा द्यावा. सामानाची मदत राहणाऱ्याची, भिंतीची मदत मालकाची. घरमालकाशी हे पंचनाम्याच्या आधीच बोलून ठेवलं तर दारात भांडण होत नाही. गाडी बुडाली असेल तर ती या मदतीत येत नाही; विमा कंपनीला कळवा आणि इंजिन सुरू करून बघू नका.

पैसे आले नाहीत तर

पंचनाम्यांच्या याद्या झाल्या, वर गेल्या, निधी आला, की रक्कम थेट खात्यात पडते. आधार प्रमाणीकरण करायला सांगितलं तर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन करा. मधल्या माणसाला काही द्यायचं नसतं. ओटीपी तर कोणालाच सांगू नका. पुरानंतर "मदत खात्यात टाकतो" म्हणून फोन करणाऱ्यांचं पीक येतं. बँकेने ती रक्कम जुन्या कर्जात वळती केली तर शाखेत शासन निर्णय दाखवा. अशा मदतीतून वसुली करू नये अशी सूचना त्यात सहसा असते.

यादीत नाव नसेल तर आधी तहसीलमधल्या संबंधित टेबलवर आवक क्रमांक दाखवून विचारा. नाव सापडलं नाही, तर तहसीलदारांच्या नावाने लेखी तक्रार आणि आपले सरकार पोर्टलवर तीच तक्रार. सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज घेतात. त्यानेही हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "मला मदत का मिळाली नाही" असा प्रश्न विचारू नका, कारण कायदा कागद द्यायला सांगतो, खुलासे नाही. "अमुक दिनांकाच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील पंचनाम्याची प्रत, टिपणी आणि लाभार्थी यादीची प्रत द्यावी" असं मागा. पुष्कळदा हा अर्ज पडल्यावर हरवलेला पंचनामा सापडतो.

आता घर

मदत येईपर्यंत थांबून चालत नाही, आणि आलेले ६,५०० सगळीकडे थोडे थोडे पसरले तर कुठेच पुरत नाहीत. क्रम लावा.

आधी वायरिंग. पाण्यात बुडालेले बोर्ड आणि स्विच वाळवून पुन्हा वापरू नका. बदलतानाच ते पाण्याच्या रेघेच्या वर न्या, आणि अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्यानंतर छत आणि ज्यावर छत टेकलंय त्या भिंती. मग गटारीची लाइन. नागपुरात पुराचं पाणी दरवाजातून येण्याआधी संडासातून आणि मोरीतून उलटं येतं, कारण बाहेरचं चेंबर तुंबलेलं असतं. घरातून चेंबरकडे जाणाऱ्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवला तर निदान ती वाट बंद होते. प्लंबरला हा व्हॉल्व्ह साफ करता येईल अशा जागी बसवायला सांगा, नाहीतर दोन वर्षांत तोच तुंबतो. शेजारच्या चार घरांनी मिळून झोन कार्यालयात चेंबर आणि नाली साफ करण्याची तक्रार दिली तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा लवकर हालचाल होते.

फरशी खचली असेल तर वरून नवी टाइल चिकटवू नका. उखडून खालची भिजलेली काळी माती काढा, मुरूम भरा, थराथराने पाणी मारून ठोका, मग काँक्रीट. मलबा भरून काम उरकणारे मिस्त्री भेटतात; पुढच्या पावसाळ्यात ती फरशी पुन्हा बसते. गिलावा, फरशी, छत पुन्हा शाकारणं याला बांधकाम परवानगी लागत नाही, पण जोतं उंच करायचं असेल, खोली वाढवायची असेल किंवा नाल्याच्या बाजूने भिंत घालायची असेल तर आधी नगररचना विभागात विचारा. स्वतःच्या खर्चाने नाल्यात बांधलेली भिंत पाणी शेजाऱ्याकडे ढकलते, आणि ती पाडावी लागली तर तो खर्चही तुमच्याच नावावर येतो.

गिलावा आणि रंग सगळ्यात शेवटी. पाण्याच्या रेघेपासून वर फूटभर आणि खाली जमिनीपर्यंतचा फुगलेला गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवा. खिडक्या उघड्या, पंखा चालू. दिवाळी तोंडावर असते आणि घरात रंगाचा हट्ट होतो, पण ओल्या विटेवर पुट्टी मारली की महिन्याभरात पोपडे निघतात. भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. नाही धरलं तर मिस्त्रीला बोलवा.